तोल गेला कोणाचा?

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी लेखनिक होतो आणि समितीच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. नोकरीचे दुसरेच वर्ष असलेल्या एका तरुण शिक्षिकेने सहामाही परीक्षेत पर्यवेक्षण करताना एका मुलाजवळ चिठ्ठ्या पकडल्या, त्या उत्तरपत्रिकेला टाचल्या आणि रीतसर लेखी अहवाल दिला. तो मुलगा समितीच्या एका सभासदांच्या घरातला निघाला. प्रकरण सभेपुढे आले, तेव्हा अध्यक्षांनी आरंभीच सुचविले की, या विषयाकडे सर्वांनी समतोल दृष्टीने पाहावे. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये आणि शिक्षिकेचाही मान राहावा. पाऊण तास अशी समतोल चर्चा ऐकल्यावर त्या बाई उठल्या आणि चढ्या आवाजात म्हणाल्या, "मग पर्यवेक्षणाला मला बसवता कशाला?" त्यानंतर चिठ्ठ्यांचा विषय निघालाच नाही. उरलेला सगळा वेळ बाईंच्या आवाजाविषयी बोलणे झाले.

त्या सभेचे इतिवृत्त मी लिहिले. त्यात एक वाक्य असे होते : ‘संबंधित शिक्षिकेचा बोलताना तोल गेला, सभेने समतोल भूमिका घेऊन प्रकरण मिटविले.’ अक्षर चांगले होते, वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि सर्व सभासदांनी त्याखाली सह्या केल्या. पुढच्या जूनमध्ये बाईंना कामावर ठेवायचे की नाही असा प्रश्न आला, तेव्हा तेच वाक्य काढून दाखविण्यात आले. बाईंना ठेवले नाही.

एका वाक्यात ‘तोल’ हा शब्द मी दोनदा वापरला होता. एकदा दोष म्हणून आणि एकदा गुण म्हणून. दोन्ही वेळा तो उलटा वापरला, असे आता वाटते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, कोश चाळण्याची सवय लागली आणि या शब्दाचा माग काढता काढता जे हाती आले ते येथे मांडीत आहे. विषय वरवर पाहता शब्दार्थाचा आहे. परंतु शब्दाच्या अर्थावर माणसांच्या नोकऱ्या जाऊ शकतात, हे ध्यानात घेतले तर तो केवळ कोशकारांचा विषय राहत नाही.

*दुकानातला शब्द*

मनाच्या शांतपणाला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. धीर, संयम, शांती, समाधान, समत्व. यांतील बहुतेक शब्द पोथीतून आले. ‘तोल’ मात्र बाजारातून आला. संस्कृतातील ‘तुल्’ या धातूचा अर्थ उचलणे, उचलून वजन अजमावणे असा आहे. त्याच्यापासून तुला, तुलना, तुल्य, अतुल हे शब्द झाले. सराफाचा तोळा याच घरातला. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असे जुने कोष्टक होते. तो तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो, ती व्यवहाराची सोय झाली. ज्याची प्रकृती नाजूक, जरा थंडीवारा लागला की बिघडते, त्याची प्रकृती तोळामासा असल्याचे आपण म्हणतो. जुन्या मराठीत ‘तुक’ म्हणजे वजन आणि ‘तुकणे’ म्हणजे तोलणे. ते शब्द मागे पडले, तरी तोलून मापून बोलणे, तोलामोलाचे स्थळ, तुल्यबळ प्रतिस्पर्धी ही सारी बिरादरी आजही नांदती आहे.

या घराण्यातील एका शब्दाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे तुळई. जुन्या घराच्या छपराचा आणि माळ्याचा भार जिच्यावर असतो ते आडवे लाकूड. संस्कृतात ‘तुला’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तराजू आणि दुसरा घराची तुळई. दोन्हींत एक आडवी दांडी आणि तिच्यावर भार. तेव्हा तोल या कल्पनेत वजन करणे जितके आहे, तितकेच भार पेलणे आहे. ‘साऱ्या घराचा भार तिने एकटीने तोलून धरला’ असे आपण एखाद्या विधवा आईबद्दल म्हणतो, तेव्हा तिने काही मोजले असे आपल्याला म्हणायचे नसते. तिने पेलले असे म्हणायचे असते.

भाषाशास्त्रज्ञ याच्याही पलीकडे जातात. संस्कृतातील तुला, ग्रीकमधील तराजूचा व वजनाचा वाचक शब्द ‘टॅलन्टन’ आणि लॅटिनमधील उचलणे, सहन करणे या अर्थाचे धातू ही एकाच मुळाची रोपे ठरतात. इंग्रजीतला ‘टॉलरन्स’, म्हणजे सहिष्णुता, हा शब्द त्या लॅटिन फांदीवर आलेला. म्हणजे आपल्या वाण्याचा तराजू आणि राज्यशास्त्राच्या ग्रंथातील सहिष्णुता ही दूरच्या नात्याने भावंडे आहेत. दोघांच्या मुळाशी अर्थ एकच : उचलून धरणे, पेलणे.

दुकानातला शब्द म्हटल्यावर दुकानातली लबाडीही त्याच्याबरोबर आली. आजच्या मुलांनी पारड्यांचा तराजू क्वचितच पाहिला असेल. किराणा दुकानात आता आकडे दाखविणारा विजेचा काटा असतो. पण जुन्या गिऱ्हाइकाला ठाऊक होते की, माल टाकण्यापूर्वी रिकाम्या पारड्यांचा काटा पाहायचा. एक पारडे मुळातच जड असेल, तर दुसऱ्यात खडा किंवा लोखंडाचा तुकडा टाकून ती सारखी करीत. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. जो मूळ मालाच्या बरोबरीचा तर नाहीच, पण या भरीच्या तुकड्याइतकाही नाही, तो ‘पासंगालाही पुरत नाही’. मापात पाप, हा वाक्प्रचारही तेथलाच. ऊसकरी आजही कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर ‘काटामारी’विरुद्ध ओरड करतो. आणि सरकारी कचेरीत कागद पुढे सरकावा म्हणून त्याच्यावर जे ‘वजन’ ठेवावे लागते, त्याविषयी या पानाच्या वाचकांना मी नव्याने काय सांगावे?

सांगायचे ते इतकेच की, तोल हा शब्द जेथे जन्मला तेथे त्याची परीक्षा रोज होत होती. काटा खरा की खोटा हे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहत होते.

*घसरलेले शब्द*

पोथीतून आलेल्या शब्दांचे तसे झाले नाही. त्यांच्यापैकी काहींची वाटचाल पाहण्यासारखी आहे.

‘उपेक्षा’ हा शब्द घ्या. आज मराठीत त्याचा अर्थ हेळसांड, दुर्लक्ष. उपेक्षित म्हणजे ज्याला कोणी विचारीत नाही तो. परंतु बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार उदात्त भावना सांगितल्या आहेत आणि त्यांत उपेक्षा शेवटची. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच चार नावे येतात. उप आणि ईक्ष्, म्हणजे जवळून पाहणे, पाहत राहणे. रागाने किंवा लोभाने न हलता जे आहे ते पाहण्याची शक्ती, असा तिचा अर्थ. दुर्लक्षाचा अर्थ संस्कृतातही होता, हे खरे. पण मराठीत तेवढाच उरला. पाहण्याचा शब्द न पाहण्याचा झाला!

हे का झाले असावे याचे उत्तर पाचव्या शतकातील बुद्धघोष या आचार्याने एका अर्थी आधीच देऊन ठेवले आहे. ‘विसुद्धिमग्ग’ या आपल्या पाली ग्रंथात तो या चार भावनांपैकी प्रत्येकीचे दोन शत्रू सांगतो, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष. ते ओळखू येतात. तिचा जवळचा शत्रू मात्र अज्ञानातून आलेली बेपर्वाई. तो जवळचा अशासाठी की, दिसायला तो तिच्यासारखाच दिसतो. शांत बसलेला माणूस ज्ञानाने शांत आहे की त्याला काही पडलेलेच नाही, हे बाहेरून सांगता येत नाही.

‘उदासीन’ हा शब्दही असाच. गीतेत तो प्रशंसेचा आहे; पक्षपाताच्या वर बसलेला, असा त्याचा रोख. मराठीत सरकार शेतकऱ्यांच्या प्रश्नांबाबत उदासीन असते, तेव्हा कोणी त्याला प्रशंसा समजत नाही. तिसरा शब्द ‘तटस्थ’. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. नदीचा प्रवाह कसा आहे हे पाहायचे असेल, तर काठावर उभे राहणे शहाणपणाचे आहे. परंतु पाण्यात कोणी बुडत असेल, तर त्याच काठावर उभे राहण्याला काय म्हणावे? शब्द तोच, जागा तीच. पाण्यात कोण आहे यावर सारे अवलंबून आहे.

तीन शब्दांची घसरण एकाच दिशेने झाली, यात काही योगायोग नाही. मनाच्या शांतीचे शब्द वापरणे ज्यांना परवडत होते, त्यांनी ते स्वतःच्या सोयीसाठी वापरले आणि सोय हाच पुढे शब्दाचा अर्थ झाला. ‘समतोल’ या शब्दाचे आज तेच होऊ घातले आहे, अशी मला भीती वाटते. ‘मी समतोल भूमिका घेतो’ याचा अर्थ ‘मी भूमिका घेत नाही’ असा लावण्याची सवय सभांतून, शिक्षक-खोल्यांतून आणि वर्तमानपत्रांतूनही पडत चालली आहे.

*खांब आणि तराजू*

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. जाजली हा मोठा तपस्वी. तो खांबासारखा इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे बांधले. अंडी घातली, पिले झाली, पिलांना पंख फुटले, ती उडून गेली. तोवर हा जागचा हलला नाही. मग त्याला वाटले की, धर्म तो आपल्यालाच साधला. तेव्हा त्याला ऐकू आले की, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली वाराणसीस गेला. तुलाधार हा दुकान मांडून बसलेला वैश्य. अत्तरे, लाख, लाकूडसामान, नाना प्रकारचे रस, असे विकणारा. त्याने तपस्व्याला जो धर्म सांगितला त्याचा गाभा असा की, कोणाही जीवाचा द्रोह होऊ न देता, आणि अगदीच अटळ असेल तर कमीत कमी होऊ देऊन जगावे. आणि आपला तराजू सर्व प्राण्यांना सारखा असावा.

या कथेत जाजलीवर अन्याय करू नये. पाखरांसाठी न हलण्यात त्याची दया होती आणि ती खोटी नव्हती. चूक झाली ती पुढे. आपल्या न हलण्याचाच त्याला अभिमान वाटू लागला. कथाकाराने त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरा तपस्वी उभा केला नाही, तराजू घेतलेला वाणी उभा केला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. खांबही स्थिर असतो आणि तराजूही स्थिर होतो. परंतु खांबावर काहीही ठेवा, तो सारखाच उभा. तराजूत काय ठेवले याची तराजूला जाणीव असते. शेरभर टाकले तर तो शेरभर झुकतो. ज्याचा काटा कधीच हलत नाही असा तराजू कोणी विकत घेणार नाही. तो गंजलेला आहे असेच म्हणतील.

म्हणजे तोल सांभाळण्यात दोन गोष्टी येतात आणि त्यांची आपण नेहमी गल्लत करतो. तोलणाऱ्याचा हात स्थिर हवा, ही एक. काटा मोकळा हवा, ही दुसरी. हात थरथरला तर वजन चुकते. काटा अडकला तर वजनच होत नाही. आपल्याकडे उपदेश होतो तो पहिल्या गोष्टीचा आणि त्याच्या आडून काटा बांधून ठेवला जातो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात समत्वालाच योग म्हटले आहे, हे सर्वांना माहीत असते. ते कोठे म्हटले आहे, याचा मात्र विसर पडतो. दोन सैन्ये समोरासमोर उभी असताना, एका माणसाने उठून काम करावे यासाठी ते सांगितले आहे. स्थितप्रज्ञ कसा असतो असे विचारताना अर्जुन त्याच्या मनाविषयी विचारून थांबत नाही. तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असे विचारतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त साम्यबुद्धीला कर्मयोगाचा पाया मानले, ते याच कारणाने. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेव्हा बोलणारा आणि लिहून घेणारा दोघेही कैदी होते. समत्वाचा विचार महाराष्ट्रात ज्यांनी गंभीरपणे केला त्यांतील इतकेजण तुरुंगात बसून तो करीत होते, हे लक्षात ठेवावे. काठावर राहण्यासाठी त्यांनी तो केला नव्हता.

*चवदार तळ्याकाठी*

पुराण आणि ग्रंथ बाजूला ठेवून एक घडलेली गोष्ट पाहू. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले; पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेस आलेले हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतल्यावर, ही मंडळी आता देवळात शिरणार अशी आवई उठवून जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. जेवायला बसलेल्यांना मारले, वाटेत एकट्यादुकट्याला गाठून मारले. प्रतिकार करण्याची ताकद असलेली, सैन्यात नोकरी केलेली माणसेही परिषदेला आलेली होती आणि ती नेत्याच्या एका शब्दाची वाट पाहत होती. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. पुढे त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, दिवाणी दावा लागला आणि डिसेंबरात मनाईहुकूम आला. त्यावेळीही दुसऱ्या परिषदेने, पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत पुढे ढकलून, न्यायालयाची वाट धरली. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

त्या दिवशी महाडात तोल कोणाचा गेला आणि कोणी सांभाळला, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्या वेळी ‘अस्पृश्यांनी जरा सबुरीने घ्यावे, तोल सोडू नये’ असा सल्ला देणारे थोडे नव्हते. आणि त्यांचा रोख दगड मारणाऱ्यांकडे नव्हता, पाणी पिणाऱ्यांकडे होता. येथेच या शब्दाची खरी कसोटी लागते. डॉ. आंबेडकरांचा संयम मोठा ठरतो तो त्यांनी आधी ओंजळभर पाणी उचलले म्हणून. तळ्याकडे न जाताच ते शांत राहिले असते, तर त्या शांततेला कोणी नावही दिले नसते. काटा न्यायाच्या बाजूला मोकळेपणाने झुकला होता आणि हात मात्र थरथरला नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी जे पत्र काढले त्याचे नाव ‘समता’ होते. समत्व आणि समता हे दोन शब्द एकाच ‘सम’पासून निघतात. परंतु समत्वाचा उपदेश खालच्याला आणि समतेची वाट पाहणेही खालच्यानेच, अशी वाटणी आपल्या समाजाने फार काळ चालविली.

आक्षेप येईल तो मला मान्य आहे. रागाच्या भरात माणूस चुकतो, जड शब्द वापरतो, नको त्याला दुखावतो. एरवी खरे असलेले त्याचे म्हणणे त्यामुळे हलके पडते. भ्रमणध्वनीवर आलेला निरोप पुरता न वाचता संतापून दहाजणांना पाठवायचा, ही आजची रीत आहे. अशा काळात तोल सांभाळा, हा सल्ला अनाठायी कसा म्हणावा? तो अनाठायी नाहीच. त्या शिक्षिकाबाई आवाज न चढविता बोलल्या असत्या, तर अधिक बरे झाले असते, हे मी आजही म्हणेन. प्रश्न एवढाच की, सल्ला देणाऱ्याने तो देण्यापूर्वी वजन केले होते काय? एका पारड्यात परीक्षेतील लबाडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न. दुसऱ्यात एका चढ्या आवाजातील वाक्य. ही दोन्ही सारखीच भरली, असे जो सांगतो त्याच्या तराजूत पासंग आहे.

‘दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत’ हे तत्त्व न्यायाचे आहे आणि ते सोडता कामा नये. परंतु ऐकून घेणे ही तोलण्याची सुरुवात आहे. दोन्ही पारड्यांत माल टाकल्यावर काट्याकडे पाहावे लागते, आणि काटा दाखवील ते मोठ्याने सांगावे लागते. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो आणि मग निकाल देतो. दोन्ही बाजू ऐकून जो घरी जातो, तो श्रोता.

*आधी रिकामा काटा पाहा*

दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा न्यायाच्या तराजूवरून घेतला आहे. मधला भाग दांडीसारखा आणि दोन बाजूंना पारडी. १९५८ साली न्यायालय त्या इमारतीत गेले. तिचे वास्तुशिल्पी गणेश भिकाजी देवळालीकर हे मराठी गृहस्थ होते, याची आपल्याकडे फारशी आठवण नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आली. तिच्या डोळ्यांवरची पट्टी गेली, हातातील तलवार जाऊन तेथे संविधान आले. तराजू मात्र राहिला. पट्टी काढण्यावर मतभेद झाले आणि ते व्हावेत. मला स्वतःला एक गोष्ट पटते : काट्याकडे पाहायचे तर डोळे उघडे हवेत.

डोळे उघडे ठेवून पहिल्यांदा पाहायचा तो आपलाच रिकामा तराजू. सरकारचे वैधमापन खाते ठरावीक मुदतीने दुकानदारांचे काटे तपासून त्यांवर मोहोर उठविते. कारण काटा कितीही प्रामाणिक माणसाच्या हाती असला, तरी वापराने झिजतो. साऱ्या जगाच्या किलोग्रॅमचे प्रमाण म्हणून १८८९ पासून पॅरिसजवळ एक प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा काचेच्या घंटांखाली जपून ठेवला होता. त्याच्या आणि त्याच्या नकलांच्या वजनांत शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडलेले आढळले. अखेर २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्यावर विसंबणे सोडून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातील एका स्थिरांकावरून केली गेली. जगाच्या प्रमाणवजनाची ही कथा. मग जात, नाते, पगार आणि भीती यांनी झिजलेल्या आपल्या मनाच्या काट्याची काय असेल? मी समतोल आहे, असे म्हणण्यापूर्वी रिकाम्या पारड्यांपाशी क्षणभर थांबून, कोणते पारडे आधीच खाली आहे ते पाहण्याची सवय शिक्षकाने, कारकुनाने, परीक्षकाने, संपादकाने, साऱ्यांनीच लावून घ्यावयास हवी. गुण देताना नाव न पाहणे, अर्ज पुढे पाठविताना आडनाव न पाहणे, तक्रार वाचताना ती कोणाविरुद्ध आहे हे शेवटी पाहणे, हे त्या सवयीचे साधे प्रकार आहेत आणि ते कोणालाही जमण्यासारखे आहेत.

शेवटी शिबी राजाची कथा आठवते. महाभारतात ती आहे, बौद्धांच्या जातककथांत आहे आणि अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात ती रंगविलेलीही आहे. ससाण्याच्या भयाने एक कबुतर राजाच्या आश्रयाला आले. ससाणा म्हणाला, माझ्या तोंडचा घास काढता, तर त्याच्या वजनाइतके मांस द्या. न्यायाच्या दृष्टीने ससाण्याचेही म्हणणे खोटे नव्हते. राजाने तराजू मागविला, कबुतर एका पारड्यात ठेवले आणि स्वतःचे मांस कापून दुसऱ्यात टाकू लागला. कितीही टाकले तरी कबुतराचे पारडे खालीच. शेवटी राजा स्वतः पारड्यात चढला.

लहानपणी ही गोष्ट मला त्यागाची वाटे. आता ती मला तोलाची वाटते. दुर्बळाच्या बाजूचे पारडे इतके जड असते की, बाहेर उभे राहून थोडे थोडे टाकीत गेल्याने काटा मध्यावर येत नाही. तोलणाऱ्याला त्यात स्वतःला घालावे लागते.

त्या सभेत समिती होती, अध्यक्ष होते, चिठ्ठ्या होत्या, आणि कोपऱ्यात वही घेऊन मी होतो. चिठ्ठ्या मी स्वतः पाहिल्या होत्या; उत्तरपत्रिकेला टाचलेला तो गठ्ठा माझ्याच कपाटात होता. ‘चिठ्ठ्या मिळाल्याची नोंद अहवालात आहे व त्या कार्यालयात आहेत’ एवढे एक वाक्य इतिवृत्तात लिहिणे माझ्या अधिकारातले होते. त्याने बाईंची नोकरी वाचली असती की नाही हे मी सांगू शकत नाही. माझी धोक्यात आली असती, हे नक्की. माझा आवाज चढला नव्हता, हात थरथरला नव्हता, अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते. सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला म्हटलेही, "छान समतोल लिहिलेत."

त्या दिवशी त्या खोलीत तोल गेला होता, हे खरे आहे. इतिवृत्तात फक्त नाव चुकीचे पडले.